मशीन डिझाइन: खान्देशातल्या मेकॅनिकलच्या पोरापोरींचे नेहमीचे प्रश्न

थर्ड इयर सुरू झालं की जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर, शहादा, कुठूनही फोन आला तरी प्रश्न तेच असतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवतोय. आपल्याकडची काही कॉलेजं जळगावच्या विद्यापीठाची, काही लोणेऱ्याच्या बाटूची (म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाची), काही ऑटोनॉमस, त्यामुळे कुठे विषयाचं नाव मशीन डिझाइन, कुठे डिझाइन ऑफ मशीन एलिमेंट्स, कुठे एक पेपर, कुठे दोन. आतला माल तोच.

मशीन डिझाइन म्हणजे ड्रॉइंगच ना?

ड्रॉइंग सगळ्यात शेवटी येतं. आधी ठरवायचं की पार्ट कशाचा करायचा, किती जाड करायचा, कुठे गोलाई द्यायची, म्हणजे तो ठरलेल्या लोडखाली ठरलेला काळ तुटणार नाही, वाकणार नाही, फार तापणार नाही, आणि वर एमआयडीसीतल्या लेथवाल्याला तो बनवताही येईल. एसओएममध्ये (स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स) तुला शाफ्ट दिलेला असायचा आणि स्ट्रेस काढायचा होता. इथे उलटं आहे, स्ट्रेस एवढाच चालेल असं तू ठरवतो आणि शाफ्ट काढतो, आणि बऱ्याचदा लोड किती येईल हेही तुलाच ठरवावं लागतं. पोरं अडकतात ती इथेच, गणितात नाही.

सगळे म्हणतात या विषयात बॅक राहतोच. खरंय का?

ज्याने प्रत्येक टॉपिकचं एकच गणित पाठ केलं त्याचा राहतो. पेपरात पुली डावीकडून उजवीकडे गेली की त्याचं काम संपलं.

आधीचं काय यायला पाहिजे? मी डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलोय, मॅथ्स कच्चं आहे.

मॅथ्सचं एवढं टेन्शन घेऊ नको, या विषयात इंटिग्रेशन जवळपास लागतच नाही. पण शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंटची डायग्राम झोपेत काढता आली पाहिजे, टॉर्शनचं समीकरण, मोहर सर्कल, आणि फ्री बॉडी डायग्राम. यातलं फ्री बॉडी डायग्राम सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात दुर्लक्षित. पट्टा शाफ्टला कुठल्या दिशेने ओढतोय हेच चुकलं तर पुढची तीन पानं कितीही सुंदर अक्षरात लिहिली तरी वायाच. डिप्लोमावाल्यांनी वर्कशॉप जास्त केलेलं असतं, तो तुझा फायदाच आहे.

डेटा बुक परीक्षेत चालतं म्हणे, मग उत्तरं त्यातच असतात ना?

नसतात. कोइम्बतूरच्या पीएसजी कॉलेजचं डेटा बुक आपल्याकडे सगळ्यात जास्त चालतं, त्यात मटेरियलची ताकद, बेअरिंगचे कॅटलॉग, गिअरचे फॅक्टर, फिट-टॉलरन्सचे टेबल असं सगळं कोंबलेलं आहे. पण कोणतं टेबल उघडायचं हे ते पुस्तक सांगत नाही, आणि परीक्षेत पहिल्यांदा उघडणाऱ्याची अर्धी वेळ पानं उलटण्यात जाते. वर्षभर घरी प्रत्येक गणित डेटा बुक शेजारी ठेवूनच सोडव. आणि युनिट बघ बाबा, जुन्या पानांवर किलोग्रॅम फोर्स आणि सेंटिमीटरमधले टेबलही आहेत, ते सरळ न्यूटन-मिलिमीटरच्या गणितात घातले की उत्तर कुठल्या कुठे जातं.

एकच गणित, माझं उत्तर ३५ एमएम आलं आणि मित्राचं ३०. चुकलं कोणाचं?

बहुतेक दोघांचं बरोबर असेल. हा प्रश्न मला फार आवडतो म्हणून नीट सांगतो.

समज जळगावच्या एखाद्या डाळ मिलमध्ये ५ एचपीची मोटर आहे, म्हणजे ३.७ किलोवॅट, आणि ती पट्ट्याने एक शाफ्ट ३०० आरपीएमवर फिरवते. टॉर्क काढायचा तर किलोवॅटला ६० गुणिले दहा लाखाने गुणायचं आणि २π गुणिले आरपीएमने भागायचं, येतो साधारण १,१७,८०० न्यूटन-मिलिमीटर. शाफ्ट साध्या स्टीलचा, अल्टिमेट (तुटायचा स्ट्रेस) ४१०, यील्ड (कायमचा वाकायला लागतो तो स्ट्रेस) २५० न्यूटन पर एमएम स्क्वेअर. एएसएमई या अमेरिकन इंजिनिअर संस्थेच्या जुन्या कोडप्रमाणे चालणारा शिअर स्ट्रेस म्हणजे यील्डचा ०.३० पट किंवा अल्टिमेटचा ०.१८ पट, जे कमी असेल ते. इथे ७५ आणि ७३.८, म्हणून ७३.८ घे, आणि चावीची (शाफ्ट आणि पुली एकत्र फिरवणाऱ्या पट्टीची) खाच आहे म्हणून अजून २५ टक्के कमी कर, राहिले ५५.३५.

नुसता टॉर्क धरला तर व्यास येतो २२.१ एमएम. पुष्कळ पोरं इथेच थांबतात. पण पट्टा शाफ्टला बाजूला ओढतोय ना, त्याचा बेंडिंग मोमेंट १५० न्यूटन-मीटर आला असं धरू. आता लोड हळूहळू येतो असं मानून बेंडिंगचा फॅक्टर १.५ आणि टॉर्शनचा १ घेतला तर व्यास २८.६ येतो, म्हणजे ३० एमएम. हे तुझ्या मित्राचं उत्तर. तू बहुतेक विचार केला असशील की डाळ मिल आहे, मधूनच माल अडकतो, झटके बसतात, म्हणून फॅक्टर २ आणि १.५ घेतले, तर ३१.८ आलं, आणि त्या मापाचं बेअरिंग सहज मिळत नाही म्हणून ३५.

दोघांनी एकच सूत्र वापरलंय, फरक पडला तो मशीन कसं चालतं याच्या अंदाजात. म्हणून पेपरात 'लोड झटक्याने येतो असे गृहीत धरले' ही एक ओळ लिहिलीच पाहिजे, तपासणाऱ्याला तुझं ३५ कुठून आलं ते कळतं. ओळ लिहिली नाही तर ते आकाशातून पडल्यासारखं दिसतं आणि मार्क जातात, मग सरांच्या नावाने बोंबलून उपयोग नाही.

फॅक्टर ऑफ सेफ्टी किती घ्यायचा? सर म्हणतात दोन घ्या, कधी म्हणतात पाच घ्या.

तन्य मटेरियल म्हणजे साधं स्टील, लोड स्थिर आणि नीट माहीत असलेला, तर यील्डवर दीड ते दोन पुरतो. बीड म्हणजे कास्ट आयर्न असेल तर ते न वाकता फटकन तुटतं, शिवाय ओतताना आत पोकळी राहिली असेल तर बाहेरून दिसत नाही, म्हणून अल्टिमेटवर तीन ते पाच. माणसाच्या जिवाशी संबंध आला की अजून वर, लिफ्टच्या दोराला दहाच्या आसपास किंवा जास्तही घेतात.

आता 'मोठाच घेऊन टाकू, सेफ तरी राहील' हा आपला आवडता विचार. आपले मिस्तरीही तेच म्हणतात, 'भाऊ, पंचवीसच्या जागी चाळीस टाकून दे'. शाफ्टची टॉर्शनमधली ताकद व्यासाच्या घनावर जाते, २५ चा ४० केला तर ती चार पटीने वाढते. मग बेअरिंग मोठं, हाउसिंग मोठं, पुलीचं बोअर मोठं, वजन आणि पैसा सगळंच वाढतं, आणि एवढं करून तुटायचं ते थांबत नाही, पुढच्या पार्टवर जातं. आधी ३० रुपयांची चावी कापली जायची, आता गिअरचा दात जातो. कोणता पार्ट आधी जाऊ द्यायचा हेही डिझाइनरनेच ठरवायचं असतं, आणि चावी मुद्दाम कमजोर ठेवतात ती त्यासाठीच.

फेल्युअर थिअरी चार-पाच आहेत, लावायची कोणती?

बीड वगैरे ठिसूळ असेल तर मॅक्सिमम नॉर्मल स्ट्रेस, म्हणजे रँकिन. स्टील असेल तर मॅक्सिमम शिअर किंवा डिस्टॉर्शन एनर्जी. पहिली म्हणते शिअरमधलं यील्ड हे टेन्शनमधल्याच्या ०.५ पट, दुसरी म्हणते ०.५७७ पट. टेस्टला दुसरी जास्त जुळते, पहिली जरा जास्त काळजी घेते आणि हाताने सोपी पडते. प्रश्नात दिलेलं नसेल तर कुठलीही एक घे आणि लिहून टाक. बाकीच्या ओरलपुरत्या.

फटिग (लोड पुन्हापुन्हा येऊन पार्ट तुटणं) काही केल्या डोक्यात जात नाही. स्ट्रेस यील्डच्या खाली आहे तरी पार्ट तुटतो कसा?

जगाला पण लवकर कळलं नव्हतं. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ रेल्वे इंजिनाचा अॅक्सल तुटून भयंकर अपघात झाला, त्या काळात असे अॅक्सल तुटायचे आणि लोकांना वाटायचं की चालून चालून लोखंडाची जातच बदलते. पुढे १८५०-६० च्या दशकात जर्मनीत ऑगस्ट व्होलर नावाच्या रेल्वेच्या इंजिनिअरने अॅक्सलवर वर्षानुवर्षं टेस्ट घेतल्या आणि दाखवलं की लोड एकदा किती आला यापेक्षा तो किती वेळा उलटसुलट झाला यावर खेळ आहे. भुसावळसारख्या जंक्शनच्या पोरांना हा धडा तर घरचाच वाटायला पाहिजे.

फिरणारा शाफ्ट बघ. पट्टा ओढतोय म्हणून एक बाजू ताणात, समोरची दाबात. अर्धा फेरा झाला की तोच बिंदू ताणातून दाबात. १४४० आरपीएमवर दहा लाख फेरे व्हायला फक्त साडेअकरा तास लागतात! पुस्तकात दहा लाख सायकल वाचून वाटतं अबब, कोण एवढं चालवणार, आणि इकडे जिनिंगमध्ये मोटरचा शाफ्ट एका रात्रीत तेवढं फिरून मोकळा होतो. दिवाळीच्या आगेमागे कापूस यायला लागला की जिनिंग रात्रंदिवस चालतात, आणि डबल रोलर जिनमध्ये तर हलती सुरी सतत मागेपुढे होते, म्हणजे लोड कधी एकसारखा नसतोच. फटिग शिकायला यापेक्षा चांगलं मशीन मला तरी माहीत नाही, आणि आपल्याकडे ते तालुक्या-तालुक्यात आहे, पण पोरं इंडस्ट्रियल व्हिजिटला मात्र पुण्याला जातात.

आता आकडे. स्टीलचा अल्टिमेट ६०० असेल तर लॅबमधल्या घासून चकाचक केलेल्या नमुन्याची एन्ड्युरन्स लिमिट (लोड कितीही वेळा उलटसुलट झाला तरी न तुटण्याचा स्ट्रेस) त्याच्या निम्मी, ३०० धरतात. मग तुझ्या खऱ्या पार्टचं रडगाणं सुरू होतं. लेथवर केलेला आहे, चकाचक नाही, गुणिले ०.८. नमुन्यापेक्षा जाड आहे, गुणिले ०.८५. शंभरातले ९० तरी टिकले पाहिजेत, गुणिले ०.८९७. राहिले १८० च्या आसपास. वर खाच किंवा पायरी असेल आणि तिचा फटिगचा स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन फॅक्टर (तिथे स्ट्रेस किती पट वाढतो ते) १.६ निघाला तर ११५ च्या आसपास. सहाशेचं स्टील विकत आणलं आणि हातात आले ११५. ही उतरण स्वतःच्या हाताने चार वेळा लिहून काढली की फटिग कळतं, नुसती डायग्राम बघून नाही कळत.

तुटलेला पार्ट बघून काही कळतं का? सर म्हणाले वर्कशॉपला जाऊन बघा.

खूप कळतं, आणि हे फुकट आहे. एमआयडीसीतल्या कुठल्याही रिपेअरवाल्याकडे कोपऱ्यात भंगाराचा ढीग असतो, मालकाला विचार, आपल्याकडे कोणी नाही म्हणत नाही, उलट चहा पाजतात. तुटलेल्या तोंडाकडे बघ. एका काठापासून निघालेल्या, शिंपल्यावर असतात तशा रेषा दिसल्या आणि तो भाग गुळगुळीत असला, तर तिथे चीर हळूहळू वाढत होती. उरलेला भाग खरखरीत असेल तर तो शेवटी एका दमात तुटला. गुळगुळीत भाग मोठा आणि खरखरीत लहान असेल तर समजायचं की लोड फारसा नव्हता, बिचारा खूप दिवस ओढत होता.

मग चीर सुरू कुठून झाली ते शोध. बहुतेक वेळा चावीच्या खाचेचा कोपरा, नाहीतर जिथे व्यास बदलतो ती पायरी. 'हाऊ शाफ्ट तुटी गया भो, मालच खराब व्हता' असं मिस्तरी सांगतो, आणि माल खराब असतोही कधी कधी, पण पायरीवर गोलाईच नसेल, टूलने काटकोनात कापलेलं असेल तर आधी तिकडे संशय घे. दोन-तीन एमएमची गोलाई द्यायला वेगळा खर्च नाही, टूलला तसं टोक करून घ्यावं लागतं एवढंच. नवीन शाफ्ट जुन्याच मापाने बनवला की तो पुन्हा तिथेच तुटतो, आणि दोष पुन्हा मालाला.

कॉटर जॉइंट, नकल जॉइंट आता कोण वापरतं? का शिकवतात?

सावदा-रावेरकडे केळीच्या ट्रॉल्या बघितल्या नाहीस का? ट्रॅक्टरला ट्रॉली जोडतात ती पिन नकल जॉइंटचंच रूप आहे. पिन दोन ठिकाणी कापली जाऊ शकते म्हणून डबल शिअर, क्षेत्रफळ दुप्पट. २० एमएमच्या पिनचं दोन्ही मिळून ६२८ चौरस एमएम, २० किलोन्यूटन ओढ आली तर स्ट्रेस ३२ च्या आसपास, काहीच नाही. मग पिना वाकतात कशा? कारण भोक झिजून लांबोळकं झालेलं असतं, पिन सैल बसते आणि तिच्यावर बेंडिंग येतं, वर खड्ड्यात झटका. पुस्तक पिन घट्ट बसलीय असं धरून चालतं. ओरलला एवढं सांगितलंस तरी समोरचा खूश होतो.

कॉटर जॉइंट, म्हणजे दोन रॉड आडवी पाचर ठोकून जोडायचे, तो खरंच कमी झालाय. वाफेच्या इंजिनात पिस्टन रॉड आणि क्रॉसहेड तसे जोडायचे. तो शिकवतात कारण एकाच साध्या जोडणीत टेन्शन, शिअर, क्रशिंग, बेंडिंग सगळं येतं आणि 'हे कुठून कुठून तुटू शकतं' हा प्रश्न विचारायची सवय लागते. सूत्रं पाठ करू नकोस, प्रत्येक तुटण्याचं चित्र काढ, क्षेत्रफळ आपोआप दिसतं.

बेअरिंगचे नंबर कसे वाचायचे?

शेवटचे दोन आकडे गुणिले पाच म्हणजे आतला व्यास, ०४ पासून पुढे. ६२०५ म्हणजे २५ एमएम, ६२०६ म्हणजे ३०. त्याखाली ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७. पुढचा ६ म्हणजे डीप ग्रूव्ह बॉल बेअरिंग, २ म्हणजे सिरीज.

आयुष्याचं सूत्र सोपं आहे, बेअरिंगची क्षमता भागिले लोड, त्याचा घन, उत्तर दशलक्ष फेऱ्यांमध्ये. ६२०६ ची डायनॅमिक क्षमता साधारण १९.५ किलोन्यूटन धर. लोड २.५ किलोन्यूटन असेल तर ३०० आरपीएमवर २६ हजार तासांच्या वर जातं. लोड दुप्पट, ५ केला तर आठवा हिस्सा, ३,३०० तासांच्या आसपास. रात्रंदिवस चालवलं तर साडेचार महिने, म्हणजे जिनिंगचा एक सिझन कसाबसा. पट्टा गरजेपेक्षा जास्त ताणणाऱ्या ऑपरेटरला हे सांगून बघ, तो ऐकणार नाही, पण तुला तरी कळलेलं असेल. आणि हे तास म्हणजे गॅरंटी नाही, शंभर बेअरिंगातली ९० एवढी टिकतील असा त्याचा अर्थ.

गिअरचं गणित तीन पानी आहे, पाठ करू का?

त्यात दोनच प्रश्न आहेत. दात मुळाशी तुटेल का, आणि दाताचा पृष्ठभाग झिजून खड्डे पडतील का. पहिल्याचं उत्तर विल्फ्रेड लुईसने १८९२ मध्येच देऊन ठेवलंय, दात म्हणजे एका टोकाला पक्का धरलेला छोटा बीम. दुसऱ्याला बकिंगहॅमचं वेअरचं समीकरण. बाकीची पानं फॅक्टर काढण्यात जातात. दोन्ही गिअर एकाच मटेरियलचे असतील तर पिनियन (लहान गिअर) कमजोर, वेगळे असतील तर ताकद आणि फॉर्म फॅक्टर (दाताच्या आकाराचा आकडा) यांचा गुणाकार तपासायचा. २० अंशाच्या फुल डेप्थ दातांना १७ पेक्षा कमी दात घेऊ नको, दात एकमेकांत घुसतात. मॉड्यूल (दाताचं माप) ४.३७ आलं तर वही तशी जमा करू नकोस, ५ घे, ४.३७ चा कटर आणणार कुठून?

स्प्रिंग?

वायरचा व्यास चौथ्या घातात येतो एवढं डोक्यात ठेव. वायर दहा टक्के बारीक घेतली तर स्प्रिंग ३४ टक्के मऊ होते. म्हणून इथे राउंड ऑफ करताना मोकळा हात सोडायचा नाही. आणि वॉल फॅक्टर (वायर गोल वळल्याने वाढणाऱ्या स्ट्रेसचा) विसरायचा नाही.

वर्म गिअरबॉक्सच्या गणितात 'सभोवतालचं तापमान २५ अंश धरा' लिहिलेलं असतं. आपल्याकडे पण तेच धरायचं?

पेपरात दिलं असेल तर तेच, वाद घालू नको. पण हा प्रश्न विचारणाऱ्या पोरीला माझ्याकडून एक रसवंतीचा ग्लास लागू, कारण हे शंभरात एखाद्याला सुचतं. वर्ममध्ये घासण फार, म्हणून बरीच पॉवर उष्णतेत जाते, आणि ती बॉक्सच्या पत्र्यावाटे हवेत जायला पाहिजे. किती जाईल ते तेल आणि हवा यांच्या तापमानाच्या फरकावर. तेल ९५ अंशांपर्यंत चालतं असं धरू. हवा २५ असेल तर फरक ७०. आता भुसावळचा मे महिना घे, ४५ अंश, फरक राहिला ५०. म्हणजे तोच बॉक्स जवळपास २९ टक्के कमी उष्णता बाहेर टाकणार. दात भक्कम, शाफ्ट भक्कम, तरी उन्हाळ्यात तेल पातळ होऊन बॉक्सची वाट लागते. आपल्याकडचा बॉक्स निवडायचा तर एक साइज मोठा घे किंवा पंखा बसवून घे, आणि निदान उन्हात तरी उघडा ठेवू नको.

पुस्तकात ४०सी८ आणि दुकानदार म्हणतो ईएन-८. काय समजायचं?

जवळपास तोच माल. ४०सी८ म्हणजे सरासरी ०.४० टक्के कार्बन आणि ०.८ टक्के मँगनीज, आपल्या भारतीय स्टँडर्डचं नाव. ईएन-८ हे जुनं ब्रिटिश नाव, पण बाजारात तेच चालतं. एफजी २०० म्हणजे बीड, किमान ताकद २०० न्यूटन पर एमएम स्क्वेअर. नट-बोल्टवर ८.८ लिहिलेलं असतं ते पण वाचायला शिक, पहिला ८ म्हणजे अल्टिमेट ८००, आणि त्याचा ०.८ पट म्हणजे ६४० यील्ड. वर्कशॉपमध्ये ४.६ चा बोल्ट ८.८ च्या जागी सर्रास बसवतात, त्याचं यील्ड आहे २४०.

सॉफ्टवेअरमध्ये रंगीत स्ट्रेस दिसतो, मग हाताने गणित कशाला?

सॉफ्टवेअरला लोड तूच देतो ना, आणि कुठे धरून ठेवायचं तेही तूच सांगतो. ते चुकीचं दिलं तरी चित्र रंगीतच येतं, एरर येत नाही. आधी हाताने अंदाज काढ, ६० च्या आसपास यायला पाहिजे असं लिहून ठेव आणि मग रन कर. ६० च्या जागी ८५ आलं तर कोपऱ्यातलं स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन असेल. ६,००० आलं तर युनिट.

शीट (ड्रॉइंगची) आणि ओरलला काय विचारतात?

शीटवर तू लिहिलेल्या प्रत्येक आकड्याला 'का' विचारतात. खास करून टॉलरन्स (मापात किती कमी-जास्त चालेल ते), कारण ते सगळ्यांनी सिनियरच्या शीटवरून उतरवलेलं असतं. बेअरिंगच्या जागी शाफ्टला ३० के६ लिहिलं असेल तर ते ३०.००२ ते ३०.०१५ एमएम, आणि बेअरिंगचं भोक ३० किंवा किंचित कमी, म्हणून ते दाबूनच बसतं आणि शाफ्टवर घसरत नाही. एवढं सांगता आलं तरी पुष्कळ. सिनियरच्या शीटवरून उतरवायचंच असेल तर निदान समजून तरी उतरव, परीक्षकांनी ती शीट मागच्या वर्षी पण पाहिलेली असते.

बारावीपर्यंत मराठी मीडियम, जमेल का?

जमतं. पेपर इंग्रजीत लिहायचा असला तरी यात वाक्यं कमी आणि आकृत्या-आकडे जास्त. स्वयम आणि एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर फुकट आहेत, स्पीड कमी करून ऐक. डाउट मात्र आपल्या भाषेत विचार, अहिराणीत विचारला तरी चालेल, पण विचार.

मी यावल तालुक्यातून बोलतोय, पोरीला मेकॅनिकलला टाकलंय, लोक नावं ठेवतात. या विषयाचा तिला पुढे उपयोग आहे का?

काका, नावं ठेवणाऱ्यांना ठेवू द्या. डिझाइनचं काम टेबलावर बसूनही असतं आणि शॉपमध्ये उभं राहूनही, दोन्हीकडे मुली आहेत. ठिबकचे पार्ट, शेतीची अवजारं, पंप, डाळ मिलची मशिनरी, हे सगळं आपल्याच भागात बनतं आणि त्याला डिझाइन कळणारी माणसं लागतात. पहिला पगार मोठा नसतो हे खरं, आयटीशी तुलना करू नका. तिला घरचं मळणी यंत्र सिझन संपल्यावर एकदा खोलू द्या, तुम्ही शेजारी उभे राहा, फार तर एखादा नट हरवेल.

गेटसाठी (एमटेकच्या प्रवेशाची परीक्षा) हेच पुरतं का?

विषय तोच आहे, फेल्युअर थिअरी, फटिग, बोल्ट-रिव्हेट-वेल्ड, शाफ्ट, गिअर, बेअरिंग, ब्रेक-क्लच, स्प्रिंग. पण तिथे डेटा बुक नाही आणि कॅल्क्युलेटर स्क्रीनवरचा, त्यामुळे प्रश्न छोटे आणि कल्पनेवर असतात. कॉलेजचा अभ्यास नीट झाला असेल तर गेटच्या जुन्या प्रश्नांची सवय केली की झालं.

डेटा बुक नवीनच घ्यावं लागेल का? महाग आहे.

सिनियरचं जुनं घे, पण कोणती आवृत्ती कॉलेजला चालते ते आधी विचार. झेरॉक्सच्या भानगडीत पडू नको, बारीक टेबलातला ३ आणि ८ सारखाच दिसतो. आणि पेनने सूत्रं लिहिलेलं पुस्तक कितीही स्वस्त मिळालं तरी सोडून दे, सुपरवायझर ते पहिल्या दहा मिनिटांतच काढून घेतो.